तारा वाढला

गच्चीवर वाऱ्यापुढे समई टिकेना, म्हणून शेजारच्या मालनमावशींनी ती उचलून जिन्याच्या दाराआड ठेवली आणि मला म्हणाल्या, "दाखव बाई तुझा तारा. पोरींना घरी जाऊन भाकरी टाकायच्यात."

संक्रांतीनंतरचं आमच्या घरचं हळदीकुंकू होतं, २०२० सालातलं. वाणाला बांगड्या होत्या, कासाराच्या घरात दुसरं काय असणार. बार्शीच्या बाजारात आमचं दुकान, आणि माझ्या सासूबाई म्हणजे अख्ख्या तालुक्याला माहीत असलेली इंदूकासारीण. मी पुण्याची. लग्न करून इथे आले आणि ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तिळगूळ, उखाणे, बांगड्या हे सगळं झाल्यावर बायकांना गच्चीवर नेऊन आकाशातलं काहीतरी दाखवायचं, ही प्रथा मीच पाडलेली. कासारणीची सून म्हणून बायका ती निमूट सोसायच्या.

त्या वर्षी मात्र मला कधी एकदा वर जाते असं झालं होतं. मृग नक्षत्रातला तो लालसर, ठसठशीत तारा, काक्षी, दोन-तीन महिन्यांपासून मंद होत चालला होता. साध्या डोळ्यांना कळावं इतका मंद. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या होत्या. मी पुण्यात एम.फिल. केलं ते म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीवर. पुढे संसार, कॉलेज, पेपर तपासणं यात ते सगळं माळ्यावर गेलं होतं. आता जणू जुनी मैत्रीण अचानक दारात उभी राहिली होती, आणि ती आल्याचं सांगायला मला अख्ख्या गावात कुणी नव्हतं. नवऱ्याला, श्रीरंगला, सांगून झालं होतं. त्याचं मेडिकलचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ताऱ्याला बी-कॉम्प्लेक्स चालेल का म्हणून विचारलं.

तर मी बायकांना बोट करून तो तारा दाखवला. म्हटलं, हा तारा म्हातारा आहे. आपला सूर्य तरणाताठा आहे, हा आयुष्याच्या शेवटाला आलाय.

"आणि म्हातारपणी तारे वाढतात," मी म्हणाले. "हा तर केव्हाच वाढलाय."

मालनमावशींचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. पलीकडून कुणीतरी हळूच विचारलं, मग आता दिसतोय तो कोण?

मला तर असाच प्रश्न हवा होता. मी उत्साहाने सांगितलं की दिसतोय तो जुना उजेड, सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला. आज तिथे काय आहे, काय उरलंय, हे इथे बसून आपल्याला कळायचा काही मार्ग नाही.

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी शाल लपेटून उभ्या होत्या. एरवी त्या वर येत नसत. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आत बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या आणि बाहेर डोकवायच्याही नाहीत. त्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून वर आणलं होतं. त्यांनी विचारलं, "पंचांगात काय म्हनत्यात ह्याला?"

"आर्द्रा म्हणतात, आई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात धरून एकेक पायरी खाली उतरल्या. त्यांच्यामागे बायकाही उतरल्या. एरवी खाली जाताना माझी यथेच्छ थट्टा करणाऱ्या बायका एक शब्द न बोलता चपला घालून निघून गेल्या. थंडी फार आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि समई आत नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "कसा हाय गं त्यो?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी हरखून गेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या आकाशाची कधी चौकशी केली नव्हती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ताऱ्याचा उजेड मोजायला यंत्र लागत नाही, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं. रोहिणीचा तारा केवढा दिसतो, हा केवढा दिसतो, मृगातलाच शेजारचा किरकोळ तारा केवढा दिसतो. तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर मी वर जायची आणि त्या खाली जिन्याशी उभ्या राहून वाट बघायच्या. मी खाली येऊन सांगायची, आज रोहिणीच्या खाली गेला. आज आणखी उतरला. आता तर मृगातल्या त्या दुसऱ्या किरकोळ ताऱ्याएवढाच राहिलाय. त्या मान हलवायच्या आणि देवापुढे जाऊन बसायच्या. मला कौतुक वाटायचं. श्रीरंगला मी दोनदा तरी म्हटलं असेन, बघ तुझी आई, या वयात शास्त्र शिकतेय.

रथसप्तमीनंतर आठवडाभरात त्या दुकानात पडल्या. एका नवऱ्या मुलीला हिरवा चुडा भरत होत्या. मुलीचा पंजा हातात धरून, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बांगडी वर सरकवली, आणि तशाच बाजूला कलंडल्या. मी कॉलेजातून परत येताना दुकानात थांबले होते. मांडीवर डोकं घेऊन पाणी मारलं, तरी डोळे उघडेनात. हाताला नाडी लागेना. आणि मग आपोआप, काहीच झालं नाही अशा थाटात, त्यांनी डोळे उघडले. सगळ्या गादीवर हिरव्या काचा पसरल्या होत्या. ती मुलगी रडत म्हणत होती, फुटल्या, माझ्या बांगड्या फुटल्या.

"फुटल्या म्हनू न्हाई," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "वाढल्या म्हनावं. थांब, दुसऱ्या भरते."

आमच्या घरात बांगडी कधी फुटत नाही. ती वाढते. लग्न होऊन आले तेव्हा मी सरळ 'फुटली' म्हणायची आणि दुकानातल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. सासूबाई रागावत नसत, नुसता शब्द बदलून परत म्हणून दाखवायच्या, लहान मुलाला बाराखडी शिकवावी तसा. पुढे माझ्या जिभेलाही वळण लागलं. त्या दिवशी काचा वेचताना मी त्या मुलीला म्हटलं, असू दे गं, वाढायच्या त्या वाढल्या.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि श्रीरंगला बाजूला घेतलं. हृदयाचा ठोका देणारी वीज मध्येच अडते. अडली की ठोका पडत नाही, आणि माणूस खाली पडतं. या वेळी ठोका परत आला. पुढच्या वेळी येईलच असं नाही. सोलापूरला नेऊन पेसमेकर बसवा, छोटं काम आहे, चार दिवसांत घरी येतील, पण उशीर करू नका.

घरी येऊन श्रीरंगने सांगितलं तसं सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, पाडवा होऊ दे, मग बघू.

लग्नसराई आहे, चुड्यांची गिऱ्हाइकं आहेत, असं कारण त्यांनी दिलं. श्रीरंगने दुकान बघायला माणूस ठेवतो म्हटलं. त्या म्हणाल्या, परक्याच्या हातात लेकी-सुनांचे हात कसे द्यायचे. त्याने शपथ घातली. त्या उठून आत गेल्या. तो चिडला, ओरडला, दोन दिवस बोलला नाही, मग पाया पडला. त्याचा काही उपयोग झाला नाही. एवढं अडून बसायचा त्यांचा स्वभावच नव्हता. हयातभर सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई, आणि जिवावर बेतलं तेव्हा दगडासारखी बसून राहिली. आम्हाला काही उमजेना.

तेवढ्यात त्यांनी वाटायला काढलं. तांब्याचं घंगाळ मालनमावशींकडे गेलं. ट्रंकेतली लुगडी एकेक करून भाच्या-पुतण्यांकडे गेली. एक दिवस मी घरी आले तर त्या जुन्या लाकडी पेटीवर बसून माझी वाट बघत होत्या. सासऱ्यांचं दुकान होण्याआधी ही पेटी डोक्यावर घेऊन त्या गावोगाव हिंडल्या होत्या. म्हणाल्या, "बस. तुला बांगड्या भरायला शिकवते."

मी म्हटलं, आत्ता? मला पेपर तपासायचे होते, जीव थाऱ्यावर नव्हता, रात्री झोपेतही त्यांच्या श्वासाकडे कान लागलेला असायचा. आणि या मला बांगड्या भरायला शिकवायला बसल्या. माझ्याने एकही धड भरली जाईना. मालनमावशींच्या हातात भरताना तीन वाढवल्या. मी वैतागून उठले तर सासूबाईंनी माझं मनगट धरून परत बसवलं. हात जोरात नव्हता, पण मला सुटून जाता आलं नाही. दुकान कुणीतरी बघायला लागंल, एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री मी श्रीरंगजवळ रडले. म्हटलं, तुझी आई निघायची तयारी करतेय, आणि का करतेय तेच कळत नाही. तो म्हणाला, झोपेचं इंजेक्शन देऊन गाडीत घालून नेऊ. गमतीने म्हणाला नव्हता.

महाशिवरात्रीला संध्याकाळी मी त्यांना घेऊन महादेवाच्या देवळात गेले. दिवसभराचा उपास होता, मी नको म्हटलं तरी त्यांनी केलेला. देवळाच्या पायऱ्यांवर त्या दोनदा थांबल्या. घरी आलो तर श्रीरंग अजून दुकानातच होता. मी साबुदाण्याची खिचडी गरम करायला घेतली आणि नेहमीसारखी गच्चीवर जायला निघाले, तसं त्या मागून म्हणाल्या, "आज नगं बघू. बस इथं."

"का हो?"

"रोज रोज काय बघायचं. कळलंय आता."

त्यांचा आवाज असा काही होता की मी खरंच बसले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. खिचडीचा वास आणि पलीकडे देवापुढचं निरांजन. मी म्हटलं, आई, आता एकदाच खरं काय ते सांगा. ऑपरेशनची भीती वाटते का? नाही म्हणाल्या. मग? डॉक्टरवर विश्वास नाही? तसंही नाही.

"पर जे होऊन गेलंय त्याला डॉक्टर काय करनार?" त्या म्हणाल्या.

"काय होऊन गेलंय?"

"तूच सांगितलंस की, चारचौघींत, गच्चीवर." त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने बघितलं. "माझं नक्षत्र आर्द्रा हाय वैजू. माझी आजी सांगायची, आर्द्रातली पोर, म्हनून डोळ्याला पानी लवकर. त्या दिशी तू तारा दावलास आन् म्हनलीस, त्यो केव्हाच वाढलाय. दिसतोय त्यो नुस्ता मागं ऱ्हायलेला उजेड."

मी उठून गॅस बंद केला.

"इझला न्हाई म्हनलीस," त्या पुढे सांगत होत्या. "फुटला बी न्हाई म्हनलीस. वाढला म्हनलीस. लगीन होऊन आलीस तवा बांगडी फुटली म्हनायचीस. मला त्या दिशी वाईट वाटलं, पर बरं बी वाटलं बघ. म्हनलं, वाईट सांगायचं तर असं सांगावं. आता कासाराच्या घरची झालीस."

मला आधी हसू आलं. मग महिनाभराच्या त्या सगळ्या संध्याकाळी डोळ्यांपुढून गेल्या. जिन्याशी उभी राहिलेली ही बाई, आणि वरून नाचत खाली येऊन तिला 'आज आणखी उतरला' म्हणून सांगणारी मी. सासरे गेले त्या दिवशी याच बाईच्या हातातल्या बांगड्या बायकांनी वाढवल्या होत्या. तो शब्द तिच्यासाठी काय होता, आणि मी तो कशासाठी वापरला होता!

"आई, ते तसं नाही हो," मी म्हटलं. "वाढला म्हणजे मोठा झाला. पोरं वाढतात तसा. म्हातारपणी तारा फुगतो. हा इतका फुगलाय की सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल."

त्यांनी मान हलवली. "आता माझ्या मनासारखं सांगू नगंस."

"खरं सांगतेय."

"मग रोज बारीक का होतोय? मोठा झाला म्हनतीस, आन् दिसतोय रोज बारका. मी अडानी आसंन, पर येवढं कळतंय की."

बरोबरच होतं त्यांचं. मी जे काही बोलले असते ते त्यांना त्या क्षणी समजूत घालणंच वाटलं असतं. मी उठले. देवापुढचं निरांजन आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं, आणि मांडणीवरची तांब्याची ताटली घेतली. म्हटलं, श्रीरंगला लहानपणी काजळ घालायचात ना? ते कसं धरायचात?

त्या माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या, पण हात आपोआप पुढे आला. ताटली त्यांनी ज्योतीच्या वर धरली, थोडी उंच, तिरपी. तांब्यावर हळूहळू काळं धरायला लागलं.

"ज्योतीच्या आत काजळ दिसतं का?" मी विचारलं.

"आत कसं दिसंल. आत आग हाय."

"आत आग आहे. वर जाऊन गार झालं की मग ते काळं धरतं. ताऱ्याचंही असंच आहे. म्हातारा झाला की त्याची पकड सुटते, अंगातलं बाहेर जायला लागतं. वाफेसारखं. लांब जाऊन गार झालं की त्याची धूळ होते, काजळीसारखी बारीक." मी त्यांच्या हातातली ताटली घेतली आणि निरांजन आणि त्यांचा चेहरा यांच्या मधोमध उभी धरली. "आता दिसतोय का दिवा?"

"न्हाई."

"विझला का?"

ताटलीच्या कडेने उजेड त्यांच्या गालावर पडला होता.

मी म्हटलं, आई, याची धूळ काजळीसारखी काळी नसते, ती रेतीच्या जातीची असते. बारीक रेती. त्यावर त्यांनी पटकन मान वर केली, कारण रेतीचं त्यांना मी सांगायची गरज नव्हती. काच रेतीचीच होते हे कासारणीला माहीत असतं. मग मी सांगत गेले. ही धूळ वाया जात नाही. पांगते, साचते, तिच्यातून पुढे नवे तारे होतात, त्यांच्याभोवती पृथ्वीसारखे गोळे. आपल्या नदीतली वाळू, तुमच्या दुकानातली काच, हे सगळं कधीतरी असल्याच कुठल्यातरी म्हाताऱ्या ताऱ्यांमधून बाहेर आलेलं.

"ह्याच्यातनं?"

"याच्यातनं नाही. याच्या आधीच्या कुणाकुणातून. याचं पुढच्यांना मिळेल."

त्यांनी निरांजनाची वात पुढे सारली. खिचडी गार झाली. मग म्हणाल्या, "परत उजळंल का त्यो?"

याच प्रश्नाची मला भीती होती. हो म्हणायचा मोह मला अनावर झाला. एक हो, आणि उद्या सकाळी गाडी सोलापूरला. पण तो तारा पुढच्या आठवड्यात आणखी मंद झाला असता तर? जगातल्या कुठल्याच माणसाला त्या दिवशी ते छातीठोक सांगता येत नव्हतं. धूळच आड आली आहे, हेही माझं मत होतं, पुष्कळ जाणकारांचं वेगळं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "उजळेल असं मला वाटतं. पण माहीत नाही. कुणालाच नाही."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "आता खरं बोललीस," त्या म्हणाल्या. माझ्या हातातली ताटली घेऊन पदराने पुसायला लागल्या, आणि मग पुसता पुसता थांबल्या. काजळीचं बोट त्यांनी स्वतःच्याच तळहातावर टेकवून बघितलं.

"म्हंजी आपल्यातलं काढून दुसऱ्याला देतोय त्यो."

"हो."

"मग वाढतोच की. पंगतीत वाढत्यात तसा."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी त्या विषयावर अख्खा प्रबंध लिहिला, पण इंग्रजीत लिहिला, त्यामुळे तिथे हा शब्दच नव्हता. मी नुसतं हो हो म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवले नाहीत.

"मग येवढी घाई का करायला लागलीय मी," सासूबाई जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या. "पंगत अर्धी आन् वाढनारीनंच बसून घ्यायचं, असं कुटं असतंय? वाढनारीला उभं ऱ्हावं लागतं." त्यांनी ताटली जागेवर ठेवली. "श्रीरंगला फोन लाव. म्हनावं, कवा जायचं तेवढं सांग."

श्रीरंगचा विश्वासच बसेना. फोनवर त्याने मला दोनदा विचारलं की तू काय केलंस. मी म्हटलं, काजळ धरलं. तो म्हणाला, तुम्ही दोघीही कामातून गेलात. पण शटर ओढून पाच मिनिटांत घरी आला, आणि आईपुढे जाऊन बसला.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना सोलापूरला नेलं. काम खरंच छोटं निघालं. आत जाताना नर्सने अंगावरचं सगळं काढून द्यायला सांगितलं. यांच्या अंगावर काढण्यासारखं काय होतं, गळ्यातली एक तुळशीची माळ, ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी बाहेर बाकावर बसून ती मुठीत धरून होते. मला कुठेच चैन पडत नव्हतं. श्रीरंग कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता आणि दर वेळी माझ्यासमोरून जाताना विचारत होता, किती वेळ झाला.

त्या बाहेर आल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा डाव्या खांद्याखाली पट्टी होती. मी वाकून तोंडाजवळ कान नेला तर विचारत होत्या, तारा कसा हाय.

सोलापूरच्या उजेडात आणि त्या गडबडीत मी तीन दिवस आकाश बघितलंच नव्हतं. घरी परतलो त्या संध्याकाळी पहिल्यांदा गच्चीवर गेले. रोहिणीशी ताडलं, मृगातल्या त्या दुसऱ्या ताऱ्याशी ताडलं, डोळे चोळून परत ताडलं. उतरायचा थांबला होता. पुढच्या दिवसांत तो रोज किंचित वर येत गेला. का मंद झाला होता यावर अभ्यासक पुढे वर्षभर वाद घालत होते. शेवटी पुष्कळांनी धुळीकडेच बोट दाखवलं. ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण तोवर आमच्या घरी त्या निकालाची कुणी वाट बघत नव्हतं.

मग पाडवा आला. पाडवा होऊ दे, मग बघू, असं सासूबाई म्हणाल्या होत्या तो पाडवा.

आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर टाळेबंदीचं ऐकलं आणि सकाळी उठलो तर बाजारपेठ चिडीचूप. एसटी बंद, गाड्या बंद, जिल्ह्याच्या वाटा बंद. रस्त्यावर पोलिसांची एक जीप काय ती फिरत होती. सोलापूरच्या त्या दवाखान्यात नेहमीचे रुग्ण घेणं बंद केल्याचं श्रीरंगला दुकानात कुणीतरी सांगितलं. आत येऊन त्याने मला ते सांगितलं आणि आईच्या खोलीकडे बघितलं. आम्ही दोघांनी मिळून गुढी उभारली. कडुनिंब दारातल्या झाडाचाच होता, साखरेची गाठी मालनमावशींनी कुंपणावरून दिली.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी गच्चीवर गेले. मृग पश्चिमेकडे कलला होता. मी खाली आले तर सासूबाई जिन्याशी उभ्या नव्हत्या.

त्या स्वयंपाकघरात होत्या. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तो त्यांनी पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. उजव्या हातात पळी होती. श्रीखंडाचं पातेलं पुढ्यात, श्रीरंग आधीच पाटावर बसलेला, माझं ताट मांडलेलं. मी म्हटलं, आई, तुम्ही बसा, मी घेते. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"रोहिणीएवढा झाला. थोडा वरच."

त्यांनी मान हलवली आणि पळी श्रीखंडात बुडवली.

"वाढू का?"

मी पाटावर बसले, ताट पुढे केलं.

"वाढा," मी म्हटलं.